पाथरवटाची हजेरी

उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीत काही माणसं ठरलेली असतात. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे हे नेमकं ठाऊक असलेला एक, टाकीत पाणी किती चढलंय हे रोज पाहून येणारा एक, आणि वेरूळचं कैलास लेणं माणसाने खोदलेलंच नाही असं छातीठोक सांगणारा एक. आमच्या बोरिवलीच्या इमारतीत या तिसऱ्या पदासाठी दोन उमेदवार आहेत. दोघंही एकाच घरात राहतात, त्यामुळे निवडणूक बिनविरोध होत नाही.

पहिले उमेदवार तिसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त. दुसऱ्यांच्या सह्यांवर संशय घेण्यात उभं आयुष्य गेलं, पण मोबाइलवर आलेल्या मजकुराची सही त्यांनी आजवर एकदाही पडताळलेली नाही. त्यांच्या मते आपल्या ऋषींकडे विमानं होती, यंत्रं होती, आणि वेरूळ म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. दुसरा उमेदवार त्यांचा नातू. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या मते ऋषीबिषी काही नाही; वरून लोक आले, लेझरने डोंगर कापला आणि गेले. रात्री जेवणानंतर दोघं खाली बाकड्यावर येतात आणि सोसायटीचं करमणूक खातं सुरू होतं.

"आजोबा, चार लाख टन दगड! छिन्नी-हातोड्याने? शक्य तरी आहे का?"

"अरे, मी तरी दुसरं काय म्हणतोय? सामान्य माणसाचं काम नाहीच ते. पण त्यासाठी मंगळावरून माणसं कशाला आणायला हवीत? भारद्वाज मुनी काय झोपा काढत होते?"

ऐकणाऱ्याला वाटतं, दोघांचं काही केल्या जमत नाही. मी बरेच महिने ऐकतोय. मला तर त्यांचं शंभर टक्के जमलेलं दिसतं. श्रेय द्यायचं कुणाला, एवढ्यापुरताच वाद आहे. ते पाथरवटाला द्यायचं नाही यावर आजोबा-नातवाचं एकमत आहे, आणि त्या घरात दुसऱ्या कुठल्याही विषयावर इतकं एकमत नाही.

नातवाला वाटतं, ही परग्रहवासीयांची कल्पना परवा-तेरवा निघाली. प्रत्यक्षात ती त्याच्या बापापेक्षा वयाने मोठी आहे. एरिक फॉन डॅनिकेन नावाच्या स्विस हॉटेल मॅनेजरने १९६८ साली जर्मन भाषेत एक पुस्तक काढलं. पिरॅमिड, पेरूतल्या नाझ्काच्या रेषा, ईस्टर बेटावरचे पुतळे, मेक्सिकोतल्या पालेंकेच्या राजाची शवपेटी, सगळं त्याने एका फटक्यात परग्रहवासीयांच्या नावावर करून टाकलं. पुस्तक तुफान खपलं. दरम्यान हॉटेलचे खोटे हिशेब दाखवून कर्जं काढल्याबद्दल १९७० साली त्याला शिक्षा झाली, आणि दुसरं पुस्तक त्याने तुरुंगात बसून लिहिलं. स्वतःच्या हॉटेलातले पैसे कुठे गेले हे ज्याला कोर्टाला पटवता आलं नाही, त्याने पिरॅमिडचे दगड कुठून आले हे साऱ्या जगाला पटवलं. कर्तबगारी याला म्हणतात.

मराठीत हे खूळ बाळ भागवतांच्या 'देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!' या पुस्तकाने घरोघर पोचवलं. पार्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या वाचनालयांत ते पुस्तक जागेवर कधी सापडायचं नाही. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी आयुष्यात देवाविषयी पहिली शंका काढली ती त्याच पुस्तकामुळे, आणि लगेच देवाच्या जागी हेल्मेट घातलेला दुसरा देव बसवून मोकळे झाले. घरात सत्यनारायण चालू ठेवून हे सहज जमत होतं, हे विशेष.

डॅनिकेनने दिल्लीच्या लोहस्तंभालाही हात घातला होता. इतकी शतकं गंजला नाही, तेव्हा तो पृथ्वीवरच्या माणसाचा असणारच नाही, असा सूर. पुढे एका मुलाखतीत त्याने स्वतःच त्या स्तंभाचा नाद सोडला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे वर एक पातळ संरक्षक थर धरतो, हे आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी तपासून मांडलं. म्हणजे श्रेय आपल्या लोहारांकडे परत आलं. पण ते पोचल्याची पावती कुणी फाडली नाही. काका आजही तो स्तंभ ऋषींच्या खात्यावर जमा दाखवतात.

डॅनिकेनसाहेबाची मेख एकच. इजिप्तमधल्या, मेक्सिकोतल्या, पेरूतल्या, आपल्याकडच्या माणसाने काही भव्य उभारलं की याला आकाशात बोट दाखवावंसं वाटतं. युरोपातली गगनाला भिडणारी चर्चेस मात्र युरोपातल्या गवंड्यांनीच बांधली, त्यात याला कसलंही गूढ दिसत नाही. आपण हे सगळं वाचलं आणि अपमान झालाय हे न कळता खूश झालो.

आता कैलासकडे वळू. नातवाचा बिनतोड मुद्दा म्हणजे गणित. चार लाख टन दगड, लेणं करवणाऱ्या राष्ट्रकूट राजा कृष्णाची सुमारे अठरा वर्षांची कारकीर्द, रोज बारा तास काम, सणवार नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. तर तासाला पाच टन दगड फोडून बाहेर काढावा लागतो. "काका, तासाला पाच टन!" असं तो मला सांगतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर विजय असतो. गणित बरोबर आहे. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. फक्त त्या पाच टनांना माणसांनी भागायचं राहून गेलंय. अडीचशे माणसं धरली तर माणशी तासाला वीस किलो होतात. पाचशे धरली तर दहा. राजाच्या कामावर पाचशे माणसं असू नयेत का? बोरिवली स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला त्याहून जास्त नुसती उभी असतात. त्यात अठरा वर्षांची अट कुणी घातली? मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांचं मत असं की हे लेणं एका राजाच्या कारकिर्दीत संपलेलं नाही. काम पुढच्या राजांच्या काळातही चालू होतं. सरकारी काम एका कारकिर्दीत संपत नाही, ही गोष्ट मुंबईकराला परक्या माणसाने समजावून द्यावी लागू नये.

"बरं, तो दगड गेला कुठे?" हा नातवाचा पुढचा प्रश्न. हा प्रश्न मुंबईत विचारू नये. इथे रोज कुठली ना कुठली इमारत पाडली जाते आणि डेब्रिजचे डंपर रात्री निघतात. ते कुठे जातात हे आमच्या नगरसेवकालाही सांगता येत नाही. म्हणून काही ते मंगळावर जात नाहीत.

वरून खाली खोदलं, याचं तर फारच कौतुक. उलट त्यात शहाणपण आहे. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी चर खणायचे, मधे अखंड ठोकळा ठेवायचा आणि माथ्यापासून कोरत खाली यायचं. उभं राहायला दगडच पायाखाली असतो, त्यामुळे परांची बांधावी लागत नाही. एखादा हात चुकला तर मात्र नवा दगड बसवायची सोय नाही. धाडस तिथे आहे. ते धाडस ज्याने केलं त्याच्याबद्दल बाकड्यावर आजवर एक शब्द निघालेला नाही.

या कारागिरांविषयी आपल्या जुन्या लोकांना आपल्याहून जास्त आदर होता. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त गोष्ट आहे. राजा आजारी. राणी माणिकावतीने देवाला नवस केला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. मग पंचाईत. शिल्पी म्हणाले, शिखराला वर्षं लागतील. राणी तोवर कशी राहणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला आणि म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. त्याने शिखरापासूनच कामाला सुरुवात केली. राणी जेवली. ही दंतकथा आहे, इतिहास नाही, हे मान्य. पण दंतकथा रचणाऱ्यालाही अडचणीतून वाट काढणारा नायक म्हणून पैठणचा माणूस सुचला. आकाशातून कुणी उतरवावा असं त्याच्या मनातही आलं नाही. आणि मागणी काय, मुदत काय, याचं भान असलेला असा कंत्राटदार आमच्या सोसायटीच्या वाट्याला यावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आता काकांसाठी खास पुरावा. राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्ष याचा बडोद्याला सापडलेला ताम्रपट आहे, शके ७३४ चा. म्हणजे कैलास खोदल्यानंतर फार तर दोन पिढ्यांचा. त्यात कृष्णराजाने एलापूरच्या डोंगरावर करवलेल्या देवालयाचं वर्णन येतं, आणि ते वर्णन वेरूळच्या कैलासाचंच आहे हे रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिलं. मी काकांना म्हटलं, "काका, ताम्रपटात विमानं आहेत." काका खुर्चीतून उठलेच. "बघ! बघ!" असं नातवाला म्हणाले. नातूही सरसावून बसला. त्याला तर विमान कुणाचंही चाललं असतं.

मग मी पुढचं सांगितलं. विमानांतून फिरणारे देव आकाशातून हे देऊळ बघतात आणि थक्क होतात. त्यांना वाटतं, हे स्वयंभूच असणार, एरवी हाताने घडवलेल्या वस्तूत असं सौंदर्य कुठून येणार? आणि ज्याने ते बांधलं तो शिल्पीही नंतर स्वतःच्याच कामाकडे बघून चकित होतो, की हे मी केलं तरी कसं!

म्हणजे विमानं होती, पण विमानातले लोक प्रेक्षक होते. काम करणारा खाली उभा होता आणि वरचे तोंडात बोट घालून बघत होते. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रशस्तीकाराला हे नाट्य नेमकं कळलं होतं. काकांना आणि नातवाला मात्र वरच्यांना खाली उतरवून त्यांच्या हातात छिन्नी द्यायची घाई. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण विमानं होती ना?" चर्चा तिथेच संपली.

याच काकांनी जानेवारी २०१५ मध्ये कलिन्याला मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसची कात्रणं जपून ठेवली आहेत. तिथे एका निवृत्त कॅप्टनसाहेबांनी प्राचीन भारतीय विमानविद्येवर व्याख्यान दिलं होतं. ही विमानं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जायची आणि पुढे, मागे, डावी-उजवीकडे, कशीही उडायची, असा दावा होता. मागे उडणारं विमान ऐकून अंधेरीतल्या एकाही रिक्षावाल्याला आश्चर्य वाटलं नसेल. आधार कशाचा, तर 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली तो ग्रंथ तपासला होता. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातलं एकही विमान उडू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. दुसरीकडे काका सांगतात, शिवकर बापूजी तळपद्यांनी याच ग्रंथावरून १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं. म्हणजे ग्रंथ यायच्या नऊ वर्षं आधी. या हिशेबाने तळपद्यांनी विमानाऐवजी कालयंत्रच बनवलं असणार, आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही.

नातू चाट पडेल अशी जागा अंधेरीत आहे. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा साठेक मीटर उंच काळ्या दगडाचा सुळका आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्याला उभे खांब पडले. अमेरिकेत वायोमिंगला अशाच जातीचा डेव्हिल्स टॉवर आहे. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये परग्रहवासी त्याच्याच पायथ्याशी उतरतात. त्याच चित्रपटातला एक प्रसंग आपल्याकडे खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. आवाज कुठून आला असं विचारल्यावर जमलेले सगळे गावकरी एकदम आकाशाकडे बोट दाखवतात. म्हणजे हॉलिवूडला आपल्याकडून हवी होती ती फक्त बोटं. यान उतरवलं वायोमिंगला. तसा सुळका अंधेरीत असताना! अर्थात त्यांचं बरोबरच होतं. गिल्बर्ट हिलच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी झोपड्या आणि टॉवर अंगाला भिडलेत. यान उतरायला जागाच नाही. उतरलंच तर पार्किंगवरून पहिली तक्रार दहा मिनिटांत जाईल.

महाकाली लेण्यांत नातू मित्रांबरोबर जाऊन आला, तीही अंधेरीतच, पूर्वेला. तिथल्या नवव्या लेण्यात गोल खोली आणि तिच्यात स्तूप आहे, जाळीच्या खिडक्या आहेत. त्याने फोटो दाखवला आणि म्हणाला, "काका, रॉकेट ठेवायची जागा वाटत नाही?" मी म्हटलं, "अरे, छत बंद आहे. रॉकेट बाहेर कसं पडणार?" तो विचारात पडला. इंजिनिअर होईल पोरगा.

महाराष्ट्रात आकाशातून खरोखर काय आलं, ते बुलढाण्याला लोणारमध्ये आहे. उल्का आली, बेसॉल्टमध्ये पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा केला आणि संपली. तो ज्वालामुखीचा नसून आघाताचा खड्डा आहे हे १९७३ च्या संशोधनातून पक्कं झालं. कोरीवकाम नाही, खांब नाहीत, गजथर नाही. बाहेरून आलेल्यांनी महाराष्ट्रात एकच काम केलं आणि तेही खड्ड्याचं. कडेला देवळं बांधली ती इथल्या माणसांनी.

आणि येणाऱ्यांची वाट किती? सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून थोडा लांब आहे. व्हॉयेजर-१ च्या वेगाने तेवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. इतकी पायपीट करून आलेला जीव उतरल्या उतरल्या काय करील? माझ्या मते बाथरूम विचारील. नातू म्हणतो, त्याने छिन्नीच्या खुणा सोडत, एकेक हत्ती कोरत लेणं खोदलं. लेझर होतं तर त्या खुणा कशाच्या?

त्याहून अवघड प्रश्न अपुऱ्या लेण्यांचा. आमच्या घराजवळचं कान्हेरी बघा. शंभरावर लेणी, आणि आत शिरताच पहिलंच लेणं अर्धवट. अजिंठ्याचं चोविसावंही तसंच सोडलेलं. आमच्या शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास ज्याच्याकडे होता तो बिल्डर अकराव्या मजल्यावर थांबला. पुढचे मजले आकाशात, ओसीचा पत्ता नाही, आणि तिथले रहिवासी तिसऱ्या वर्षी भाड्याच्या घरात. कान्हेरीच्या पहिल्या लेण्यासमोर उभं राहिल्यावर मला शतकांचं अंतर उरत नाही. दाता हात आखडून बसला असेल, कारागिरांची मजुरी थकली असेल, दगडात भेग निघाली असेल. कितीतरी प्रकाशवर्षं ओलांडणाऱ्या संस्कृतीकडे पैसे संपले असतील हे मला पटत नाही. बोरिवलीत संपले असतील, हे लगेच पटतं.

अशी अपुरी लेणीच खरी शाळा आहेत. कुठून फोडायला घेतलं, किती आत गेले, कच्चे खांब कसे सोडले, सगळं दिसतं. पण व्हिडिओवाले तिकडे फिरकत नाहीत. अपुरं काम पाहिलं की गूढ उरत नाही, आणि गूढ उरलं नाही तर व्हिडिओ कोण बघणार?

एक उदाहरण नातवाला द्यायचं मी राखून ठेवलंय. राजाबाई टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून केला; तो भारतात कधी आलाच नाही. खऱ्या अर्थाने दुसऱ्या दुनियेतून आलेला नकाशा. पण दगड कुर्ल्याचा, आणि तो घडवणारे हात इथले. त्या टॉवरबद्दल कुणी म्हणत नाही की तो आपोआप उतरला, कारण त्याच्या पावत्या शिल्लक आहेत.

पूर्वी उपनगरांत दुपारच्या वेळी टाकीवाली यायची. पाटा-वरवंटा झिजला की ती अंगणात बसून छिन्नीने त्याला पुन्हा खरखरीत करून द्यायची. घाव मोजके, ओळी सरळ, मजुरीवरून घासाघीस. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण दगडाकडून ऐकतो. टाकी ज्याच्या हातात होती त्याला काय यायचं हे म्हणीत नाही. मालाड, कांदिवली, पवईच्या खाणींत आयुष्य काढलेली या टाकीवाल्यांची माणसं होती. मिक्सर आला, खाणी बंद झाल्या, टाकीवाली यायची थांबली. त्यानंतर दोन पिढ्यांत दगड हाताने घडतो हे आम्हाला खोटं वाटू लागलं.

तर काकांना, नातवाला आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना विनंती. कान्हेरीला जाल तेव्हा तिसऱ्या लेण्याच्या, म्हणजे मोठ्या चैत्यगृहाच्या प्रवेशापाशी थांबा. यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला ब्राह्मी लेख आहे. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी हे चैत्यगृह करवलं, हे त्यात आहे. देखरेख करणारे भिक्षू आहेत. आणि दगड घडवणारे व घासून गुळगुळीत करणारेही त्यात नोंदलेले आहेत. बाकीच्या लेखांत कल्याणचा सोनार भेटतो, लोहार भेटतो; कुणी टाकं दिलंय, कुणी वाट करून दिलीय. एवढ्या गर्दीत परग्रहावरच्या एकाही देणगीदाराचं नाव मला आढळलं नाही.

रविवारी फार गर्दी असते. सोमवारी लेण्यांभोवतीचं उद्यान बंद असतं.